१/४८ मिग-२१ एफएल : चंदेरी रंग पावसाळ्यात कसा बसवायचा?

चंदेरी_पंख

एडुआर्डचं १/४८ प्रमाणातलं मिग-२१ पीएफएमचं प्लास्टिक मॉडेल किट हाताशी आहे. त्यातून आपल्या हवाई दलाचं एफएल प्रकारचं विमान करायचं आहे, म्हणजे टाइप ७७. कॅमोफ्लाज नको, १९६० च्या दशकातलं उघड्या धातूच्या रंगातलं हवं. सांगाडा अजून जोडलेला नाही. आधी प्लास्टिकच्या चमच्यांवर रंगाची चाचणी घेतली, तेव्हा चार गोष्टी दिसल्या:

१. तामिया एक्स-१ काळा ग्लॉस मारला की वाळताना त्यावर पांढुरका धुरकट थर येतो. हवा दमट आहे, कोकणातला जुलै.
२. चंदेरी रंगाखाली पॉलिश पेपरचे ओरखडे स्पष्ट दिसतात. राखाडी प्रायमरवर ते अजिबात दिसत नव्हते.
३. एका पॅनलला वेगळी छटा द्यायला टेप लावली, तर टेपेबरोबर चंदेरी रंग निघून येतो आणि खाली काळा उघडा पडतो.
४. डिकलच्या (पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील खुणांच्या) पारदर्शक कडेखाली चकचकीत ठिपके राहतात.

साधनं: ०.३ मिमी नोझलचा एअरब्रश, तीन लिटर टाकीचा कॉम्प्रेसर, वायेहो मेटल कलर या पाण्याच्या ॲक्रिलिकचा अॅल्युमिनियम. अलक्लॅड (लॅकरचा धातूसारखा रंग) मागवावा का, तेही सांगा. आणि पीएफएमवर एफएलचे डिकल लावले की काम भागतं, की भागही बदलावे लागतात?

स्टायरिन_४८

ओरखड्यांपासून सुरू करतो, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे.

धातूचा रंग काहीही झाकत नाही, उलट जे आहे ते उठावदार करतो. राखाडी प्रायमर मॅट असतो, प्रकाश विखुरतो, म्हणून त्यावर ओरखडे लपतात. तपासणी करायची तर काळ्या ग्लॉसवर करा. खोलीतला दिवा बंद करून टॉर्च पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरा आणि सांध्यावरून सरकवा. ओरखडा, खळगा, सुकलेल्या गोंदाचा ओघळ, सगळं सावलीसकट दिसतं.

मिगच्या धडाचा सांधा पाठीवरून आणि पोटाखालून थेट नाकापर्यंत जातो. पातळ सिमेंटने जोडताना दोन्ही अर्धे किंचित दाबा, वितळलेलं प्लास्टिक बारीक कण्यासारखं वर आलं पाहिजे. मग निदान दोन दिवस हात लावू नका. घाईने घासलं तर आतलं मऊ प्लास्टिक आठवडाभराने आक्रसतं आणि रंगाखाली खोल रेघ उमटते. पुष्कळांना वाटतं सांधा उघडला. तो उघडलेला नसतो, बसलेला असतो.

फट भरायला नळीतली लांबी धातूच्या रंगाखाली वापरू नका. ती आटते, तिची कड दिसते, आणि ती रंग प्लास्टिकपेक्षा जास्त शोषते. त्याऐवजी काळा, घट्ट इन्स्टंट ग्लू घ्या. नसेल तर फेविक्विकमध्ये टाल्कम पावडर कालवून दाट करा. तासाभरात घासायला घ्या. रात्रभर ठेवलं तर तो प्लास्टिकपेक्षा कडक होतो आणि घासताना शेजारचं प्लास्टिकच आधी झिजतं.

वॉटर पेपर ओलाच वापरायचा: ६००, मग ८००, १०००, १५००, २०००. प्रत्येक नंबरला घासण्याची दिशा बदला, म्हणजे आधीच्या नंबरचे ओरखडे गेले की नाहीत ते कळतं. ६०० वरून थेट १५०० वर उडी मारली की तुमच्या चमच्यावर दिसतंय तेच होतं. बुजलेल्या पॅनल लाइन जाड चिकटपट्टीच्या कडेने पुन्हा कोरा. हलक्या हाताने चार-पाच वेळा ओढा, एकदाच जोरात नको.

शेवटी भांडी घासायचा लिक्विड साबण कोमट पाण्यात घालून सगळं मॉडेल मऊ ब्रशने धुवा आणि पूर्ण वाळू द्या. त्यानंतर हातमोज्यांशिवाय धरायचं नाही. बोटांचा तेलकटपणा हे टेपेबरोबर रंग निघण्याचं पहिलं कारण. दुसरं कारण, पाण्याच्या ॲक्रिलिकखाली प्रायमर नसणं. मिस्टर सरफेसर १५०० काळा घ्या, एक भागाला दोन भाग लेव्हलिंग थिनर. तो प्लास्टिकमध्ये किंचित चावतो, म्हणून पकड पक्की बसते. वाळल्यावर २००० च्या पेपरने हलकं पुसून घेतलं की वर ग्लॉसचा एकच पातळ हात पुरतो.

टेप लावण्याआधी ती दोन-तीनदा तळहाताला चिकटवून काढा, चिकटपणा निम्मा होतो. काढताना वर ओढू नका, टेप स्वतःवरच दुमडत पृष्ठभागालगत मागे न्या. वायेहोच्या चंदेरीवर चोवीस तासांच्या आत टेप लावूच नका. बोटाला कोरडा लागला म्हणजे आतून वाळला असं नाही.

दमट_हवा

पांढुरक्या थराबद्दल. थिनर उडताना पृष्ठभागाची उष्णता घेऊन जातो, पृष्ठभाग थंड पडतो आणि हवेतली वाफ ओल्या रंगावर जमते. उन्हाळ्यात बर्फाच्या पाण्याच्या ग्लासाला बाहेरून घाम येतो, तसंच. थिनर जितका लवकर उडणारा तितका हा त्रास जास्त.

म्हणून एक्स-१ ला हार्डवेअरच्या दुकानातला एनसी थिनर लावू नका. तो फार वेगाने उडतो आणि फार जहालही आहे. उघड्या स्टायरिनवर पडला तर जाळीसारख्या भेगा पाडतो. एअरब्रश धुवायला तो उत्तम, त्यापलीकडे नाही. रंगात मिस्टर कलर लेव्हलिंग थिनरच घाला, त्यात वाळणं लांबवणारा रिटार्डर असतो. एक भाग एक्स-१, दीड ते दोन भाग थिनर, १५ पीएसआय, अंतर ५ ते ७ सेंमी. पहिले दोन हात भुरभुरते, तिसरा ओला. ओला म्हणजे दिव्याचं प्रतिबिंब रंगात सलग दिसेल इतका, पण ओघळ सुटण्याआधी थांबायचं.

खोलीतली आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र स्वस्तात मिळतं, ते घ्याच. ७५ टक्क्यांच्या वर ग्लॉस मारू नका. एसी असेल तर ड्राय मोडवर तासभर आधी चालू ठेवा. मॉडेल हेअर ड्रायरने कोमट करून घेतलं तरी फरक पडतो. कोमटच, कारण गरम हवेने पंखाची मागची पातळ कड वाकते.

थर आलाच तर लगेच घासायला जाऊ नका. कपात नुसता लेव्हलिंग थिनर घ्या, १० ते १२ पीएसआयवर अगदी हलका फवारा द्या. वरचा थर पुन्हा ओला होतो, अडकलेली वाफ निघून जाते आणि काळेपणा परत येतो. ओला थर पाच मिनिटं धुळीपासून झाकून ठेवा.

कॉम्प्रेसरच्या टाकीखालचा स्क्रू दर वेळी काम संपल्यावर उघडा. पावसाळ्यात तीन लिटरच्या टाकीतही चमचाभर पाणी जमतं. वॉटर ट्रॅप कॉम्प्रेसरवर असला तरी दुसरा छोटा एअरब्रशच्या दांड्यालगत लावा. लांब नळीत हवा थंड होते आणि पाणी तिथे पुन्हा जमतं. रंगात मध्येच गोल खड्डे दिसले तर ते नळीतलं पाणी, खोलीतली हवा नव्हे.

एन-९५ मास्क थिनरची वाफ अडवत नाही. सेंद्रिय वाफेची कार्ट्रिज असलेला रेस्पिरेटर लागतो. पाऊस आहे म्हणून खिडक्या बंद करून लॅकर मारू नका.

ओझर_७७

पीएफएमवर एफएलचे डिकल लावून एफएल होत नाही. मुख्य फरक कॅनोपीचा आहे.

पीएफएममध्ये पुढची काच स्थिर असते आणि मागची कॅनोपी बाजूला उघडते, आत केएम-१ हे संकटात वैमानिकाला बाहेर फेकणारं आसन असतं. एफएलला जुन्या पद्धतीची एकसंध कॅनोपी, पुढच्या बिजागरीवर वर उचलली जाणारी, आणि आत एसके आसन. त्या रचनेत आसनाबरोबर कॅनोपीही सुटते आणि वाऱ्याच्या माऱ्यापासून वैमानिकाला आडोसा देते. म्हणून दोन्ही भाग जोडीनेच बदला. फक्त कॅनोपी बदलून आत केएम-१ ठेवलं तर जाणकाराला पहिल्या नजरेत खटकतं. हे दोन भाग त्याच कंपनीच्या पीएफ (पीएफएमच्या आधीचा प्रकार) किटमध्ये असतात.

शेपटीवरचा उभा पंख मात्र पीएफएमचाच ठेवा. एफएलचा हा पंख पीएफपेक्षा रुंद आहे आणि ब्रेक पॅराशूटची नळी त्याच्या मुळाशी आहे. थोडक्यात, धड आणि शेपूट पीएफएमचं, डोकं पीएफचं.

पंखांखाली एकूण दोनच पायलॉन (शस्त्रं टांगायचे खांब). चार दिसले तर ते एम, एमएफ किंवा बिस हे नंतरचे प्रकार. एफएलमध्ये अंगभूत तोफ नाही. १९७१ मध्ये पोटाखाली जीपी-९ गन पॅक लावत, पण तुम्हाला सुरुवातीचं चंदेरी विमान करायचं असेल तर दोन के-१३ क्षेपणास्त्रं आणि मधली ४९० लिटरची टाकी शोभेल. मिग-२१ आपल्याकडे १९६३ मध्ये २८ स्क्वाड्रनमध्ये आलं. एफएलचं उत्पादन पुढे एचएएलच्या नाशिकजवळच्या ओझर कारखान्यात झालं, इंजिनं कोरापुटची. तेव्हा कोणत्या वर्षीचं विमान करायचं ते आधी ठरवा, मग शस्त्रं आणि खुणा.

रंगाचे बारकावे: कॉकपिट निळसर हिरवा. चाकांच्या तबकड्या हिरव्या. नाकातला शंकू आणि शेपटीचं टोक धातूचं नाही, त्यांच्यामागे रडार आणि अँटेना आहे, तिथे चंदेरी मारू नका. त्यांची छटा तुम्ही निवडलेल्या विमानाच्या फोटोवरूनच ठरवा.

धडावर छटांची गोधडी करू नका, ही माझी कळकळीची विनंती. आजकाल प्रत्येक पॅनल वेगळं रंगवायची पद्धत पडली आहे. जुन्या फोटोंत हे विमान दुरून जवळजवळ एकसारखं दिसतं, वेगळेपण उठतं ते शेपटीकडच्या भागात, जिथे इंजिनाची उष्णता असते. दोन, फार तर तीन छटा. मूळ अॅल्युमिनियममध्ये दहातला एक भाग गडद धातू मिसळला की पुरे. नोझल स्टीलवर जळकट तपकिरीचा पुसट फवारा.

नाकात वजन लागेल का ते चिकटवण्याआधीच तपासा. धड, पंख आणि शेपूट टेपने तात्पुरतं जोडा, मागची चाकं जिथे येतात त्या रेषेखाली पेन्सिल आडवी ठेवा. नाक खाली झुकलं नाही तर शंकूमागच्या पोकळीत शिशाचे तुकडे बसवा. ते एपॉक्सीने, म्हणजे अरल्डाइट किंवा एम-सीलने. फेविकॉलने कधीच नको. पांढऱ्या गोंदाशी शिशाची प्रक्रिया होऊन ते फुगतं आणि काही वर्षांनी धडाचा सांधा आतून फाटतो.

चंदेरी_पंख

कॅनोपीचं फार बरं झालं, आता पीएफचे भाग शोधतो. राहिले डिकल आणि अलक्लॅड.

स्टायरिन_४८

अलक्लॅड पातळ, लवकर वाळणारा आणि टेपेला जास्त टिकाऊ. पण लॅकर असल्याने हवाई टपालाने येत नाही, देशातल्या दुकानात साठा असेल तरच मिळेल. वायेहो हाताशी आहे तर त्यातच काम करा, कुठेही कमी पडणार नाही. थिनर घालू नका, १२ पीएसआय, हात अगदी पातळ. दर दोन मिनिटांनी सुईचं टोक ओल्या ब्रशने पुसा, नाहीतर वाळलेला कण सुटून पंखावर बसतो. पहिल्या दोन हातांत काळा अर्धवट दिसला तरी घाबरू नका, तिसऱ्याला भरतं. एकदम झाकायला गेलात तर धातूऐवजी राखाडी रंग दिसतो.

दमट_हवा

डिकलखालचे ठिपके म्हणजे अडकलेली हवा. पृष्ठभाग खडबडीत असला की फिल्म फक्त उंचवट्यांवर टेकते. नीट गुळगुळीत चंदेरीवर वेगळा वार्निश लागत नाही. सरसकट क्लिअर मारला तर धातूची चकाकी मरते. फार तर डिकलच्या जागेपुरता एक्स-२२ या चकचकीत क्लिअरचा पातळ हात द्या.

फिल्म छाप्याच्या कडेपर्यंत नव्या ब्लेडने कापून घ्या, म्हणजे अर्धी अडचण तिथेच संपते. जागेवर मायक्रो सेट (डिकल बसवायचं द्रव), त्यावर डिकल, ओल्या ब्रशने मधून बाहेर दाबत पाणी काढा. अर्ध्या तासाने मायक्रो सोलचा (फिल्म मऊ करणारं द्रव) एकच हात. डिकलला सुरकुत्या पडतील, त्या आपोआप बसतात, तेव्हा बोट लावायचं नाही. दुसऱ्या दिवशी ठिपके राहिलेच तर टाचणीने बारीक भोकं पाडून पुन्हा सोल. सोल आधी चमच्यावरच्या वायेहोवर तपासा, कारण थेंब साचला तर डाग पडतो.

गोलात बाहेर केशरी, मध्ये हिरवा. केशरी शाई पातळ असेल तर खालच्या धातूमुळे विटकरी दिसते. त्यावर उपाय म्हणजे गोलापेक्षा अर्धा मिमी लहान पांढरी तबकडी आधी रंगवायची आणि मग वर डिकल. वर्तुळ कापायला कंपास कटर वापरा, टेप तीच तळहाताला लावून घेतलेली.

ओझर_७७

शेवटचा वॉश (रेषांत सोडायचा पातळ रंग) काळा करू नका, चंदेरीवर तो शाईने आखल्यासारखा दिसतो. कॅमलच्या ऑइल ट्यूबमधला बर्न्ट अंबर आणि थोडा काळा, व्हाइट स्पिरिटमध्ये चहाइतका पातळ. रेषेत टोकाने सोडा, वीस मिनिटांनी कापडाने नाकाकडून शेपटीकडे पुसा. डिकल लावल्यापासून दोन दिवस झाल्याशिवाय हे करू नका. पोटाखाली, चाकांच्या दारांभोवती थोडा जास्त राहू द्या. पाठीवर जवळजवळ काहीच नको.