अनुभव धागा: आमचे मत, आमची बातमी

गोव्यात ४० आमदार. एकेक मतदारसंघ पंचवीस-तीस हजार मतांचा, त्यामुळे उमेदवार घरातल्या बारशालाही येतो. तरी मत दिल्यावर काय झाले आणि वर्तमानपत्राने ते कसे मांडले, हे सांगताना माणसे कडू होतात. स्वतःवर गुदरलेले तेवढेच लिहा. वर्तमानपत्रांची नावे नकोत.

फोंडा
आमच्या घरात १९६३ पासून मगोच्या, म्हणजे महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाच्या, सिंहावरच शिक्का. बाबांनी गोव्याचे पहिले मुख्यमंत्री, मगोचे भाऊसाहेब बांदोडकर यांच्या सभा ऐकलेल्या. २०१७ साली मगोचे तीन आमदार आले. २७ मार्च २०१९ च्या मध्यरात्री त्यातले दोन भाजपमध्ये गेले. तिघांतले दोघे म्हणजे दोनतृतीयांश, पक्षांतरबंदी कायद्यात बसले! बाबा पेपर घेऊन पडवीत बसून राहिले, चहा निवून गेला.

म्हापसा
२०२२ च्या निवडणुकीआधी काँग्रेसच्या उमेदवारांनी देऊळ, खुरीस (क्रूस) आणि दर्ग्यात पक्ष न सोडण्याची शपथ घेतली. मी त्यावर विश्वास ठेवला. सप्टेंबरात निवडून आलेल्या ११ पैकी ८ भाजपमध्ये. पुढच्या वेळी कोणाला मत द्यायचे, खरेच सुचत नाही.

डिचोली
मी बारा वर्षे एका दैनिकाचा तालुका वार्ताहर होतो. बातमीमागे मिळायचे ते पेट्रोललाही पुरत नसे. घर चालायचे जाहिरातींच्या कमिशनवर, त्यातही पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या पुरवण्यांवर. सकाळी ज्याच्या दारात जाहिरातीसाठी उभे राहायचे, त्याच्याविरुद्ध संध्याकाळी काय लिहिणार? खाणी जोरात होत्या तेव्हा एका गावाने धुळीला कंटाळून खनिजाचे ट्रक अडवले. बायका लहान मुलांना घेऊन रस्त्यावर बसल्या होत्या. त्यांचे म्हणणे मी सविस्तर लिहून पाठवले. छापून आले ते चार ओळींत: वाहतूक विस्कळीत, प्रवाशांचे हाल. दुसऱ्या दिवशी एक आजी म्हणाली, ‘पुता, तू तर हंयच आशिल्लो मरे.’ (बाळा, तू तर इथेच होतास ना.) त्यानंतर त्या वाटेने जायची मला लाज वाटायची.

मडगाव
१ नोव्हेंबर २०२० ची रात्र चांदरच्या रुळांवर काढली. रेल्वेमार्गाचे दुपदरीकरण झाले की मुरगाव बंदरातल्या कोळशाची वाहतूक आमच्या दारावरून आणखी वाढणार, म्हणून माणसे बसली होती. एका वाहिनीने आम्हाला विकासाचे विरोधक ठरवले. आमच्यापैकी कोणालाही त्यांनी एक प्रश्न विचारला नव्हता.

पेडणे
डिचोलीच्या दादांना विचारते, मूळ बातमी जपलीय का?

डिचोली
होय बाय, वहीत आहे. आजीचे शब्दही आहेत. रविवारी उतरवून इथे घालतो.