मदत हवी आहे : जुनी ई४६ ३३०आय, दोन्ही बँकांना लीन कोड. इनटेक मॅनिफोल्ड उतरवायचा का?

नमस्कार मंडळी,

गाडी बीएमडब्ल्यू ई४६ ३३०आय, मॅन्युअल गिअरबॉक्स. इंजिन एम५४बी३०, म्हणजे सरळ सहा सिलिंडर, २९७९ सीसी, २३१ पीएस. हे इंजिन मला मनापासून आवडतं. ३५०० आरपीएमच्या पुढे ते ज्या सलगपणे ओढतं त्यासाठीच ही गाडी ठेवली आहे, आणि जमेल तितकी वर्षं ठेवायची आहे. कामं घरीच करतो. हत्यारं आहेत, टॉर्क रेंच आहे, चांगले स्टँड आहेत. पुढचं काम मोठं आहे, म्हणून हात घालण्याआधी विचारतोय.

लक्षणं अशी. रात्रभर उभी राहिल्यावर चालू केली की पहिली काही मिनिटं आयडलिंग ६०० ते ९०० च्या मध्ये झुलत राहतं. इंजिन तापलं की बरंच शांत होतं, पण सिग्नलला उभं असताना मधूनच हलका झटका बसतो. चेक इंजिनचा दिवा लागलाय, कोड पी०१७१ आणि पी०१७४, म्हणजे दोन्ही बँका (तीन-तीन सिलिंडरचे गट) लीन, हवेच्या मानाने इंधन कमी. तेल पूर्वीपेक्षा जास्त पितेय. लांब उतारावर गिअरमध्ये सोडून पुन्हा रेस दिली की आरशात निळसर धुराचा एक लोट दिसतो आणि मग काही नाही. ऑइल कॅपच्या आतल्या बाजूला पिवळसर चिकट थर जमतो. कूलंट मात्र अजिबात कमी होत नाही.

स्कॅनरवरचे आकडे (इंजिन पूर्ण तापलेलं) :

आयडलला लाँग टर्म फ्युएल ट्रिम (इंजिनाचा संगणक इंधन किती वाढवतोय किंवा घटवतोय तो आकडा) पहिल्या बँकेला +१७ टक्के, दुसऱ्या बँकेला +१५. तिथेच उभं राहून २५०० आरपीएमला धरलं की दोन्हीकडे एकूण ट्रिम +४ च्या आसपास येते. रस्त्यावर चढाला, चांगला लोड असताना, +२.

यावरून माझा अंदाज असा आहे. आयडलला इंजिन मुळात फार थोडी हवा घेतं, त्यामुळे थ्रॉटलच्या पुढे कुठेतरी छोटी फट असली तरी त्या न मोजलेल्या हवेचा वाटा मोठा होतो. आरपीएम वाढलं की एकूण हवा खूप वाढते, फट तेवढीच राहते आणि तिचा परिणाम पुसट होतो. एअरफ्लो मीटर कमी दाखवत असता किंवा पंप थकला असता तर उलटं दिसलं असतं, लोड वाढेल तसे आकडे वर गेले असते. इंधनाचा दाबही मोजला. ३.५ बार हवा, तेवढा आहे आणि रेस दिली तरी पडत नाही.

हे सगळं लिहितोय कारण एका वर्कशॉपमध्ये नुसते कोड वाचून मला दोन्ही पुढचे ऑक्सिजन सेन्सर आणि एअरफ्लो मीटर बदला असं सांगण्यात आलं. माझ्या मते ते सेन्सर खरं तेच सांगताहेत. मिश्रण खरोखरच पातळ आहे.

आतापर्यंत तपासलेलं : एअरफ्लो मीटर ते थ्रॉटल बॉडीमधले दोन्ही रबरी बूट काढून, वाकवून, घड्यांच्या आत टॉर्च मारून पाहिले. चिरा नाहीत. डिसा व्हॉल्व्ह (इनटेकमधला हवेचा मार्ग बदलणारी झडप) काढला. झडप घट्ट आहे, पिन जागेवर आहे, पण ओ-रिंग चपटी आणि टणक झाली होती, ती बदलली. (एम५४ असलेल्या कुणी डिसा कधी काढून पाहिला नसेल तर जरूर पाहा. ती पिन सुटून इंजिनात गेली तर गोष्ट व्हॉल्व्ह-पिस्टनपर्यंत जाते.) इनटेक मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांच्या संचाच्या) मागच्या टोकाची रबरी टोपणं बोटात चुरा होऊन आली, तीही नवी बसवली. आकडे थोडे उतरले, वर दिलेत ते त्यानंतरचेच आहेत.

आता संशय क्रँककेस व्हेंटिलेशनवर आहे, म्हणजे मॅनिफोल्डखालचा तो ऑइल सेपरेटर (इंजिनाच्या आतले वायू इनटेककडे जाताना त्यातलं तेल वेगळं करणारा) आणि त्याच्या चार नळ्या. प्लॅस्टिक जुनं, जागा तापट आणि अडचणीची. विचारायचं ते असं :

१. सेपरेटर मॅनिफोल्ड न काढता बदलता येतो असं बरेच जण म्हणतात. खरंच नीट होतं का, की नळीचं क्लिप बसलंय की नाही हे शेवटी नशिबावर सोडावं लागतं?

२. मॅनिफोल्ड उतरवलाच तर त्याच वेळी खालचं काय काय बदलून घ्यावं?

३. एवढं सगळं उघडण्याआधी एखादी तपासणी माझ्याकडून राहतेय का? नुसत्या अंदाजावर पार्ट मागवायचे नाहीत.

आधीच आभार.

प्रतिसाद १

तुमचं ट्रिमचं वाचन बरोबर आहे. सेन्सरला हात लावू नका.

तिसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण बाकी दोन त्याच्यावर अवलंबून आहेत. दोन तपासण्या राहिल्या आहेत. पहिली क्रँककेसमधला व्हॅक्यूम. इंजिन तापवा, आयडलला ठेवा आणि ऑइल कॅप उचलून पाहा. सहज उचलली गेली आणि आयडलिंग किंचित बदललं तर ठीक. कॅप हाताला ओढून धरत असेल आणि उघडताच इंजिन बंद पडायला आलं तर सेपरेटरमधला पडदा फाटलेला असण्याची शक्यता जास्त. पण हा झाला हाताचा अंदाज. खरं मोजमाप हवं असेल तर जुन्या ऑइल कॅपला भोक पाडून नळी बसवा आणि मॅनोमीटर लावा. आयडलला साधारण १० ते १५ मिलिबार व्हॅक्यूम असायला हवा. पाण्याने भरलेली यू आकाराची पारदर्शक नळीही चालते, तिच्यात दोन पातळ्यांमधला फरक १० ते १५ सेंटिमीटर येतो. पडदा फाटला की त्या आकड्याला लगाम राहत नाही आणि तेल सरळ इनटेकमध्ये ओढलं जातं. तुमचा उतारावरचा निळा धूर त्याच्याशी जुळतो. उतारावर थ्रॉटल बंद असताना मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम सर्वांत जास्त असतो.

दुसरी तपासणी स्मोक टेस्ट. एअरफ्लो मीटरच्या पुढच्या बूटमधून अगदी कमी दाबाने धूर सोडा आणि थांबा. घाई करू नका, धूर क्रँककेसमधून फिरून यायला वेळ लागतो. सेपरेटर, डिसा, इंजेक्टरच्या ओ-रिंगा, व्हॉल्व्ह कव्हरची गॅस्केट, डिपस्टिकची टोपी, सगळीकडे टॉर्च मारा. आणखी एक जागा हमखास विसरली जाते : फ्युएल प्रेशर रेग्युलेटरला जाणारी बारीक व्हॅक्यूम नळी. ई४६ मध्ये रेग्युलेटर फ्युएल फिल्टरबरोबर गाडीच्या पोटाखाली असतो, त्यामुळे नळी बरीच लांब धावते आणि बॉनेट उघडून ती सगळी दिसत नाही.

एक कळकळीची विनंती. कार्ब क्लीनरचे फवारे मारून गळती शोधायची पद्धत तापलेल्या एक्झॉस्टच्या आसपास वापरू नका. आग लागते.

प्रतिसाद २

मी हे काम दोन्ही पद्धतींनी केलं आहे. मॅनिफोल्ड जागेवर ठेवून सेपरेटर बदलता येतो, पण खालच्या नळीचं क्लिप डोळ्यांना दिसत नाही. ते क्लिक झालं की नुसतं टेकलंय हे बोटाने ठरवावं लागतं. अर्धवट बसलं तर तुम्ही नवीन पार्टसकट पुन्हा त्याच कोडवर येता. घरी वेळ घेऊन करणाऱ्याने मॅनिफोल्ड काढावाच, या मताचा मी आहे.

पण खरी गोम वेगळी आहे. सेपरेटरमध्ये वेगळं झालेलं तेल डिपस्टिकच्या गाइड ट्यूबमधून सम्पमध्ये (इंजिनाच्या तळाच्या तेलटाकीत) परत जातं. ती ट्यूब दुहेरी आहे, आतल्या आणि बाहेरच्या नळीमधल्या अरुंद पोकळीतून तेल उतरतं. वर्षानुवर्षांच्या गाळाने ही पोकळी बंद होते. लोक सेपरेटर आणि चारही नळ्या नव्या घालतात, ही ट्यूब तशीच ठेवतात आणि मग नवा सेपरेटरही तेलाने भरून धूर काढायला लागतो. ट्यूब बाहेर काढा, सॉल्व्हंटमध्ये भिजवा, पोकळीतून आरपार वाहतंय याची खात्री करा. नसेल वाहत तर नवी घ्या. खालच्या टोकाला एक ओ-रिंग आहे, ती दर वेळी नवीच घालायची. जुनी कधी कधी ब्लॉकमध्येच अडकून राहते, ती काढायला विसरू नका.

आता मॅनिफोल्डखालचं. सर्वांत आधी डिकीतल्या बॅटरीची निगेटिव्ह सोडा. स्टार्टर मॅनिफोल्डच्या खालीच आहे आणि त्याच्या केबलमध्ये कायम करंट असतो, पाना टेकला की संपलं. मॅनिफोल्डचे नट ११ मिमीचे आहेत, त्या मापाचा लांब सॉकेट आधीच जवळ ठेवा. मॅनिफोल्ड निघाला की इनटेक पोर्टमध्ये लगेच स्वच्छ फडकी कोंबा, आणि किती कोंबली ते कागदावर लिहा.

मी तिथे हे बदलतो : मॅनिफोल्डच्या गॅस्केट, आयडल कंट्रोल व्हॉल्व्हचं रबर, इंजेक्टरच्या ओ-रिंगा, आणि ब्लॉकच्या बाजूने जाणारे प्लॅस्टिकचे कूलंट पाइप. या पाइपांबद्दल ठामपणे सांगतो. जुने झाले की हात लागताच ओ-रिंगच्या टोकाशी मोडतात. आज मोडले नाहीत तर उद्या मोडतील, आणि तेव्हा हाच मॅनिफोल्ड पुन्हा काढावा लागेल. ऑइल फिल्टर हाउसिंगची गॅस्केट त्याच बाजूला पुढे आहे. तिथून तेल झिरपत असेल तर तीही करून घ्या, कारण तिचं तेल अल्टरनेटर आणि बेल्टवर उतरतं. नॉक सेन्सर आणि स्टार्टर ठीक असतील तर राहू द्या. जुनं आहे म्हणून चालणारा मूळ पार्ट काढून त्या जागी अनोळखी कंपनीचा नवा घालणं मला पटत नाही.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. गाइड ट्यूबची गोष्ट मला माहीतच नव्हती.

मोजमाप केलं. मॅनोमीटरवर आयडलला ३८ मिलिबार. कॅप दोन हातांनी उचलावी लागली आणि उघडल्यावर इंजिन बंदच पडलं. स्मोक टेस्टमध्ये धूर आला तो मॅनिफोल्डखालून, सेपरेटरच्या बाजूने. डिसाकडे काही नाही, रेग्युलेटरची नळी शाबूत आहे. व्हॉल्व्ह कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातही अगदी बारीक धूर होता, म्हणून ती गॅस्केट स्पार्क प्लगच्या विहिरींच्या गॅस्केटसह यादीत घेतली आहे. मॅनिफोल्ड उतरवतोय, हे नक्की.

एकच विचारायचं राहिलं. कूलंट पाइप काढायचे म्हणजे कूलंट रिकामं होणारच. एक्स्पान्शन टँक, थर्मोस्टॅट आणि वॉटर पंप तेव्हाच करून टाकू का? त्यांची कसलीच तक्रार नाही.

प्रतिसाद १

आधी जुन्याबद्दल काय सोडायचं, काय ठेवायचं यावर वर चांगलं लिहिलं गेलंय, आणि एरवी मीही तेच म्हणतो. पण कूलिंगला तो नियम लावू नका. तुमचा टँक किती जुना आहे हे ठाऊक नसेल तर बदला. तो आधी ठिबकतो आणि मग सावकाश बिघडतो असं नेहमी होत नाही, जोडावर एकदम उभा फाटतो. आणि या गाडीचा तापमानाचा काटा तुम्हाला वेळेवर सांगत नाही. साधारण ७५ ते ११५ अंशांच्या मध्ये तो मुद्दाम मधोमध धरून ठेवलेला असतो. तो हलला तोवर उशीर झालेला असतो. ब्लॉक ॲल्युमिनियमचा आहे, एकदा जास्त तापला की हेड बोल्टचे ब्लॉकमधले आटे निघतात आणि मग गॅस्केट बदलून भागत नाही. स्कॅनरवर खरं तापमान बघायची सवय ठेवा.

भरताना ५०:५० कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर, बीएमडब्ल्यूच्या मानकाचंच. इग्निशन ऑन, हीटर सर्वांत गरमवर, पंखा सर्वांत कमी, ब्लीड स्क्रू सैल, आणि बुडबुडे थांबेपर्यंत हळूहळू ओतत राहा. ब्लीड स्क्रू प्लॅस्टिकचा आहे, बोटाच्या जोरावर टेकवून थोडासाच पिळा.

व्हॉल्व्ह कव्हरचे बोल्ट फक्त १० न्यूटन-मीटर. अर्धगोल कोपऱ्यांवर आणि व्हॅनोसच्या (कॅमचं टायमिंग बदलणाऱ्या यंत्रणेच्या) जोडावर सीलंटचा छोटा ठिपका, जास्त नको.

धागाकर्ता

काम झालं, म्हणून कळवतो.

सेपरेटरचा पडदा कडेला फाटलेला होता. वरची नळी काढताना हातात दोन तुकडे होऊन आली, तिला खालच्या बाजूने आधीच चीर होती, वरून ती कधीच दिसली नसती. गाइड ट्यूबची पोकळी पूर्ण बंद. सॉल्व्हंटमध्ये भिजवूनही मोकळी झाली नाही, नवी घातली. कूलंट पाइपचं एक टोक प्रतिसाद २ मध्ये लिहिलंय तसंच मोडलं. इनटेक रनरमध्ये तेलाचे ओघळ होते, सगळे पुसून घेतले.

आता आयडलला व्हॅक्यूम १२ मिलिबार. ॲडाप्टेशन (संगणकाने साठवलेले जुने ट्रिम) रीसेट करून गाडी नीट चालवल्यावर लाँग टर्म ट्रिम पहिल्या बँकेला +३, दुसऱ्या बँकेला +२. थंड इंजिनाचं झुलणं गेलं. उतारावर मुद्दाम पाहिलं, धूर नाही. तेलाची पातळी खूण करून ठेवली आहे, तिच्याकडे लक्ष ठेवून आहे.

३००० आरपीएमच्या खाली ओढ अजून थोडी कमी वाटते. त्यासाठी व्हॅनोसच्या सील्सचा वेगळा धागा काढतो, पण त्याआधी दोन्ही कॅमच्या पोझिशन स्कॅनरवर नोंदवून घेतो, म्हणजे आकडे समोर ठेवून बोलता येईल.