रिपोर्ट 'पिण्यास योग्य', तरी जुलाब थांबेनात. पाणी कुठे तपासून मिळेल?

मृदुला_क
सोसायटीत आठ दिवसांपासून जुलाब-उलट्या चालू आहेत. पाण्याचा रिपोर्ट आला, 'पिण्यास योग्य'. सेक्रेटरी म्हणतात, विषय संपला. कसा संपला? काल सासऱ्यांना सलाईन लावावं लागलं. सरकारी प्रयोगशाळेत आपलं पाणी घेतात का? लगेच सांगा, प्लीज.

धनंजय
शहर कोणतं? पाणी पालिकेचं, टँकरचं की बोअरचं? नमुना कुठून घेतला?

सु_जोशी
आधी आरओ बसवा. आमच्याकडे टीडीएस ९०० होता, आता ८० आहे. तेव्हापासून घरात कुणी आजारी नाही.

धनंजय
टीडीएस म्हणजे विरघळलेले क्षार हो. ८० टीडीएसच्या पाण्यातही मैला मिसळलेला असू शकतो, मीटरला तो दिसत नाही.

सु_जोशी
आरओचा पडदा जंतूही अडवतो. दहा वर्षांचा अनुभव सांगतेय.

धनंजय
तुमच्या घरात अडवेल. पण मृदुलाताईंकडे भांडी, दात घासणं सगळं आरओ नसलेल्या साध्या नळावरच असेल ना?

मृदुला_क
पुणे, सिंहगड रस्ता. पालिकेचं पाणी येतं, कमी पडलं की टँकर. खासगी लॅबचा मुलगा आला आणि गच्चीवरच्या टाकीतून बाटली भरून घेऊन गेला. आरओ नको आहे, पाणी कुठे तपासायचं ते हवं आहे!

प्रभाकाका
मृदुलाताई, जिल्हा आरोग्य प्रयोगशाळेत ३१ वर्षं काढली आहेत, म्हणून विचारतो. बाटली कसली होती? आणि टाकीत औषध कधी टाकलं होतं?

मृदुला_क
साधी प्लास्टिकची. वॉचमनने त्याच सकाळी टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकलं होतं. त्याने काय फरक पडतो?

प्रभाकाका
सगळा फरक तिथेच आहे. जंतू तपासायची बाटली निर्जंतुक केलेली असते. तिच्यात आधीच थोडं सोडियम थायोसल्फेट घातलेलं असतं, म्हणजे पाण्यातला क्लोरीन तिथल्या तिथे निष्प्रभ होतो. ते नसेल तर लॅबमध्ये पोचेपर्यंत क्लोरीन जंतू मारत राहतो. तुमच्या बाटलीतलं पाणी योग्यच निघणार होतं. रिपोर्ट त्या बाटलीचा आहे, तुमच्या नळाचा नाही.

ग्रामसेवक७२
एवढं कशाला? आम्ही गावात पाणी तपासायची एचटूएसची (हायड्रोजन सल्फाइड चाचणीची) तयार बाटली वापरतो. पाणी भरायचं, एक-दोन दिवस ठेवायचं, काळं झालं की दूषित. कुणाच्या दारात जायला नको.

प्रभाकाका
ती प्राथमिक चाचणी आहे. काळं झालं नाही म्हणून पाणी शुद्ध असं मी लिहून देणार नाही. प्रयोगशाळेत मॅकॉन्की ब्रॉथच्या (जंतू वाढवायच्या द्रवाच्या) नळ्यांत पाणी घालून ३७ अंशांवर ४८ तास ठेवतात. जांभळा रंग पिवळा झाला आणि आतल्या उलट्या छोट्या नळीत बुडबुडा धरला की कोलीफॉर्म जंतूंचा संशय. मग ४४ अंशांवर ई-कोलाय, म्हणजे मैल्यातला जंतू, बघायचा. भारतीय मानकाप्रमाणे १०० मिलीत एकही चालत नाही.

ग्रामसेवक७२
४८ तास माणसं तेच पाणी पिणार का?

प्रभाकाका
नाही. उकळून प्यायला आजपासूनच सांगा, हे तुमचं बरोबर. आणि टीसीएलचं पोतं किती जुनं आहे तेही बघा, उघडं राहिलं की त्यातला क्लोरीन उडतो. ताजी पावडर १००० लिटरला ५ ग्रॅम, मग अर्धा तास थांबायचं.

वैशाली_नर्स
आजारी माणसांच्या शौचाचा नमुना अँटिबायोटिक सुरू व्हायच्या आधी दिला होता का? जानेवारी २०२५ मध्ये नांदेडगाव, किरकटवाडी, धायरी भागात जीबीएसचे (नसांवर परिणाम होऊन हातपाय लुळे पडतात त्या आजाराचे) रुग्ण निघाले, तेव्हा काहींच्या शौचात कॅम्पिलोबॅक्टर हा जुलाबाचा जंतू सापडला होता. पायात मुंग्या, अशक्तपणा वाटला तर घरी थांबू नका.

नितीन_पी
दुधातली भेसळ पण तिथे तपासतात का? आमच्याकडचं दूध हल्ली फाटतच नाही.

मृदुला_क
वैशालीताई, नमुना कुणी मागितलाच नाही. मुंग्या वगैरे नाहीत. काका, जायचं कुठे?

प्रभाकाका
स्टेव्हली रोडवर राज्य आरोग्य प्रयोगशाळा आहे. शुल्क, नमुन्याची वेळ, पत्र कुणाचं लागतं ते आधी फोनवर विचारा. बाटल्या तिथूनच मागा. नळाचं तोंड स्पिरिटच्या पेटत्या बोळ्याने भाजा, प्लास्टिकचा नळ असेल तर नुसतं पुसा. दोन-तीन मिनिटं पाणी सोडा. बाटलीच्या तोंडाला बोट नको, वर थोडी जागा सोडा. बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा. गच्चीवरची टाकी, तळटाकी आणि आजारी माणसाच्या स्वयंपाकघरातला नळ असे तीन नमुने द्या. आजारी कुठल्या विंगमध्ये आहेत?

मृदुला_क
सगळे बी विंगमध्येच! हे आत्ता लक्षात आलं. ए विंगची तळटाकी वेगळी आहे.

धनंजय
मग खाली जाऊन बघा. बी विंगच्या तळटाकीजवळ ड्रेनेजचा चेंबर आहे का?

मृदुला_क
बघून आले. टाकीच्या झाकणापासून दोन हातांवर चेंबर आहे, पावसाने तुंबून काठोकाठ भरलाय. टाकीत टॉर्च मारला तर चेंबरच्या बाजूच्या भिंतीवर काळपट ओलीचा पट्टा, आणि खाली एका भेगेतून पाणी आत झिरपतंय. फोटो सेक्रेटरींना पाठवलाय. टाकीचा पंप बंद करायला लावलाय, उद्या सकाळी बाटल्यांसाठी फोन करते.

प्रभाकाका
टाकी रिकामी करायच्या आधी तिथला नमुना घ्या. धुतल्यावर पुरावा उरत नाही.