मंडई स्वस्त नसेल, पण
कुणीतरी लिहिलंय की रविवारी पुण्याच्या महात्मा फुले मंडईत जाणं म्हणजे निव्वळ हौस, भाव कोपऱ्यावरच्या भाजीवाल्यापेक्षा कमी नसतात आणि गाडी लावायला अर्धा तास जातो. भावाचं मान्य. गाडीचं तर दोनदा मान्य, मी आता बसनेच जातो. पण कांदे-बटाटे घ्यायला मंडईत जायचंच कशाला? चंदनबटवा, अंबाडी, कोनफळ, करांदे हे कोपऱ्यावर कधी दिसलंय का? गेल्या रविवारी सुरण घेतला. मावशींनी कापायला सुरी लावली आणि आधी विचारलं, "भाजीला की कापांना?" कापांना म्हटल्यावर मधला सपाट तुकडा काढून दिला, वर बजावलं, "चिरताना हाताला तेल लाव, आणि आमसुलं विसरू नकोस, घसा धरेल." ॲपवर हे कोण सांगणार! (मी तेल लावायला विसरलो. संध्याकाळपर्यंत हात खाजवत होतो.)

आणि मंडईच्या नावाबद्दल एक भर. ही इमारत १८८६ साली सुरू झाली ती मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने, रे मार्केट म्हणून. महात्मा फुले हे नाव नंतरचं. गंमत अशी की जोतीराव नगरपालिकेचे सदस्य असताना त्यांनी याच मंडईवरच्या खर्चाला विरोध केला होता. तो पैसा शिक्षणावर खर्च करा, असं त्यांचं म्हणणं होतं.