मदत हवी आहे: तीव्र चिंता आणि पॅनिक अटॅक – औषधं व महागडी थेरपी न घेता काय करता येईल?

मेघना_स

धाकट्या भावासाठी विचारते आहे. लिफ्टमध्ये, रांगेत, गर्दीत अचानक छातीत धडधड, श्वास अपुरा पडतोय असं वाटणं, बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या, 'आता मी कोसळणार' अशी पक्की खात्री. शिवाय दिवसभर काही ना काही काळजी पाठीशी असतेच. ईसीजी, थायरॉईड, हिमोग्लोबिन, साखर, बी12 सगळं नॉर्मल आलं आहे. औषधं त्याला नको आहेत आणि दर आठवड्याची थेरपी परवडणार नाही. 'शांत राहा' म्हटलं की उलट चिडतो. हल्ली लिफ्ट सोडून जिना चढतो, पाण्याची बाटली आणि सोबतीला कुणीतरी असल्याशिवाय बाहेर पडत नाही. अटॅक आला की त्या क्षणी काय करायचं आणि रोज काय करायचं, हे नेमकं सांगाल का?

उत्तरायण

तपासण्या आधीच करून घेतल्या हे फार बरं केलंत. आता नवं काही लक्षण नसेल तर त्या पुन्हा पुन्हा करू नका.

आधी अटॅकमध्ये शरीरात काय होतं ते त्याला समजावून द्या. घाबरल्यावर श्वास भरभर चालतो. गरजेपेक्षा जास्त हवा आतबाहेर होते आणि रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो. मुंग्या, गरगरणं, डोकं हलकं होणं हे सगळं त्यातून येतं. ऑक्सिजन कमी पडलेलाच नसतो. म्हणून 'मोठ्ठा श्वास घे' हा सल्ला चुकीचा, त्याने मुंग्या वाढतात. कोसळण्याचं म्हणाल तर भोवळ येते रक्तदाब घसरल्यावर, आणि पॅनिकमध्ये तो सहसा थोडा चढलेला असतो. (रक्त किंवा सुई पाहून येणारी भोवळ हा वेगळा प्रकार.) अटॅक साधारण 10 मिनिटांत शिगेला पोचतो आणि मग काही न करताही ओसरायला लागतो.

श्वास मोठा नको, हळू हवा. नाकाने 4 आकडे मोजत आत, 6 मोजत बाहेर. एक हात छातीवर, एक पोटावर. पोटावरचा हलायला हवा, खांदे नाहीत. मिनिटाला 6 श्वास होतात. 6 पर्यंत दम पुरत नसेल तर 3 आणि 4 ने सुरुवात करा. हे रोज दोनदा 5 मिनिटं, मन शांत असताना करायचं. एरवी सराव नसेल तर ऐन अटॅकमध्ये ते जमत नाही आणि 'हेही उपयोगाचं नाही' म्हणून आणखी घाबरायला होतं. कागदी पिशवीत श्वास घेण्याच्या फंदात पडू नका. दमा किंवा हृदयाचा त्रास असेल तर ते धोक्याचं आहे.

खटाटोप

खरी मेख तुमच्या जिना आणि बाटलीच्या वाक्यात आहे. लिफ्ट टाळली की लगेच हायसं वाटतं आणि मेंदू शिकतो, 'टाळलं म्हणून वाचलो'. बाटली आणि सोबत यांचंही तेच. लिफ्टमध्ये एकट्याला काहीही होत नाही, हे अनुभवायची संधीच त्याला मिळत नाही. श्वासाने आजचा दिवस निभेल, पण आजार हटतो तो या टाळाटाळीला हात घातल्यावर.

भीतीला 0 ते 100 आकडे देऊन पायऱ्या लिहा. उदाहरणार्थ, लिफ्टसमोर उभं राहून लोकांची ये-जा बघणं 30. दार उघडं धरून आत उभं राहणं 40. तुमच्यासोबत एक मजला 45. एकट्याने एक मजला, हातात बाटली, 60. तेच बाटलीशिवाय 70. एकट्याने थेट वरपर्यंत 80. गर्दीच्या वेळी 90. आकडे त्याने स्वतः द्यायचे, तुम्ही नाही. सुरुवात 30-40 वाल्या पायरीपासून.

प्रत्येक वेळी आत जाण्याआधी कागदावर एक ओळ: 'काय होईल असं वाटतंय?' बाहेर आल्यावर दुसरी: 'प्रत्यक्षात काय झालं?' 'भीती वाटेल' असं लिहून चालणार नाही, ती वाटणारच आहे. 'पाय गळून खाली पडेन' असं पडताळता येईल ते लिहायचं. एकच पायरी लागोपाठ चार-पाच फेऱ्या, आठवड्यातून निदान चार-पाच दिवस. फेरीनंतर ती पायरी कंटाळवाणी वाटू लागली की पुढची.

बिनसतं ते बहुतेक इथे: भीती शिगेला असताना लिफ्टमधून बाहेर पडणं, आठवड्यातून एकदाच करणं, किंवा फोनमध्ये डोकं घालून मजले मोजत उभं राहणं. शेवटचं चटकन लक्षात येत नाही, पण तीही पळवाटच.

धडधडीचीच भीती बसली असेल तर ती मुद्दाम आणायची: जागच्या जागी 1 मिनिट पळणं, फिरत्या खुर्चीत 1 मिनिट गोल फिरणं, बारीक स्ट्रॉमधून 1 मिनिट श्वास. मग शांत करायला न धावता, ती आपोआप उतरते का ते बघत बसायचं. दमा, हृदयविकार, फिट्स किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

मेघना_स

मनापासून आभार. मग लिफ्टमध्ये 4-6 चा श्वास घ्यायचा की नाही?

खटाटोप

पहिल्या एक-दोन पायऱ्यांना चालेल. पुढे सोडायचा, नाहीतर श्वास हीच नवी बाटली होते.

सांजवेळ

दिवसभराच्या काळजीसाठी वेगळा उपाय. रोज ठरावीक वेळी 20 मिनिटं फक्त काळजीसाठी राखून ठेवायची, झोपायच्या दोन-तीन तास आधी. एरवी काळजी आली की दोन शब्दांत टिपायची आणि त्या वेळेवर ढकलायची. दाबायची नाही, पुढे ढकलायची. दाबलेला विचार दुप्पट जोराने परत येतो. त्या 20 मिनिटांत प्रत्येक नोंदीला एकच प्रश्न: 'यावर मला काही करता येईल का?' येत असेल तर काय आणि कधी ते लिहायचं. नसेल तर तिथेच सोडून द्यायचं. संध्याकाळपर्यंत निम्म्या नोंदी शिळ्या झालेल्या असतात.

चहा-कॉफी किती होते तेही बघा. कॅफीन शरीरातून निम्मं व्हायलाच साधारण 5 तास घेतं आणि त्याची धडधड अटॅकसारखीच लागते. एकदम तोडलं तर डोकं दुखतं, म्हणून दोन-तीन दिवसांनी एक कप कमी करा आणि दुपारनंतर बंद. दारूने रात्री बरं वाटतं, पण उतरल्यावर चिंता वाढते. झोप नीट नसेल तर उठायची वेळ एकच ठेवा, सुट्टीच्या दिवशीसुद्धा.

उत्तरायण

औषधांबद्दल एक राहिलं. औषध नको हा त्याचा निर्णय आहे, पण ती वाट कायमची बंद करू नका. चिंता किती आहे ते मोजणारी जीएडी-7 नावाची 7 प्रश्नांची प्रश्नावली फुकट मिळते, गुण 0 ते 21. दर दोन आठवड्यांनी भरा. आकडा 15 किंवा त्याहून वर असेल, किंवा दीड-दोन महिने नेटाने करूनही उतरत नसेल, तर डॉक्टरांना दाखवाच. नेहमीचे फॅमिली डॉक्टरही सुरुवात करून देऊ शकतात. सरकारी रुग्णालयं, विद्यापीठांचे मानसशास्त्र विभाग, गटाने होणारी थेरपी हे स्वस्तातले मार्ग आहेत. आधीच झोपेची किंवा शांत करणारी गोळी चालू असेल तर मनाने एकदम थांबवू नका. काही गोळ्या अशा थांबवल्याने फिट येऊ शकते. श्रम करताना छातीत दुखलं, खरोखर शुद्ध हरपली, किंवा जगणं नको असं तो बोलला, तर त्याच दिवशी मदत घ्या आणि त्याला एकटं सोडू नका.

मेघना_स

शेवटचा प्रश्न. तो दिवसातून अनेकदा विचारतो, 'ताई, मला काही होणार तर नाही ना?' काय उत्तर देऊ?

खटाटोप

'काही होणार नाही' म्हटलं की त्याला थोडा वेळ बरं वाटतं आणि मग तो पुन्हा विचारतो. पण उत्तर एकदम बंद केलंत तर तो दुखावेल. आधी शांतपणे दोघांनी बसून ठरवा: दिवसातून एकदाच उत्तर, त्यानंतर तुम्ही म्हणणार, 'ही चिंता बोलते आहे. तुला भीती वाटतेय हे कळतंय मला. मागच्या वेळी कागदावर काय लिहिलं होतंस?' आणि त्यानेच वाचून दाखवायचं. पहिला आठवडाभर तो जास्त विचारेल, चिडेलही. तेव्हा घरातल्या बाकीच्यांनीही हेच वाक्य धरून ठेवायला हवं, नाहीतर तो प्रश्न घेऊन आईकडे जाईल.