9 लाख 32 हजार कोटींचं कर्ज आणि त्यातला वाया जाणारा तिसरा रुपया

खतावणी (धागाकर्ता)

महाराष्ट्र राज्याच्या कर्जाची बातमी आली की एक ठरलेला हिशोब फिरतो: 9 लाख 32 हजार कोटी भागिले तेरा कोटी डोकी, म्हणजे आज जन्मलेल्या पोराच्याही डोक्यावर सत्तर हजारांचं कर्ज. ऐकायला जबर, कामाला शून्य. त्या पोराला कुणी वसुलीची नोटीस धाडणार नाही, आणि त्याला जो रस्ता, जी शाळा मिळणार तीही या भागाकारात कुठे दिसत नाही.

मी मार्च 2025 मध्ये मांडलेला अर्थसंकल्प घेऊन बसलो. वर्षाची महसुली जमा 5 लाख 60 हजार 964 कोटी, महसुली खर्च 6 लाख 6 हजार 855 कोटी. फरक 45 हजार 891 कोटी, ही महसुली तूट. राजकोषीय तूट, म्हणजे ढोबळमानाने वर्षभरात काढायचं नवं कर्ज, 1 लाख 36 हजार 235 कोटी. थोडक्यात, कर्जाच्या दर तीन रुपयांतला एक रुपया धरण, पूल, मेट्रो कशातच जात नाही. तो पगार, पेन्शन, व्याज, अनुदानं यांत जिरतो. पुढच्या वर्षी तोच खर्च पुन्हा दारात उभा, वर यंदाच्या रुपयाचं व्याज.

सरकारचं उत्तरही ठरलेलं आहे. तूट स्थूल राज्य उत्पन्नाच्या, म्हणजे राज्यात वर्षभरात होणाऱ्या एकूण उत्पादनाच्या, 2.76 टक्के, मर्यादा 3 टक्क्यांची. कर्ज 18.87 टक्के, मर्यादा 25 ची. दोन्ही खरं. पण 2005 साली आपण स्वतःच केलेल्या राजकोषीय उत्तरदायित्व कायद्यात महसुली तूट संपवणं हेही उद्दिष्ट होतं. त्याचा उल्लेख आता कोणी करत नाही.

माझी मागणी एकच. दर महिन्याला द्यायचा नवा पैसा जाहीर कराल, तर त्याच भाषणात त्यासाठीचा करही जाहीर करा. लाडकी बहीणसाठी या 2025-26 च्या अर्थसंकल्पात 36 हजार कोटी ठेवलेत. कुठून, ते सांगा. आपण हे आधी केलेलं आहे. 1972 च्या दुष्काळानंतर रोजगार हमी उभी राहिली तेव्हा 1975 मध्ये तिच्यासाठी व्यवसाय कर लावला आणि जेवढा कर जमेल तेवढीच भर राज्याने घालायची असं ठरवलं. पगारपत्रकातून महिन्याला दोनशे कापले जातात ते हेच. मुंबईच्या पगारदाराने माणदेशातल्या मजुराची मजुरी भरायची, हे तोंडावर सांगून लावलेला कर.

अर्धा_कप

खतावणीदादा, आकडे बरोबर, बोट मात्र नेहमीच्याच जागी गेलं. 7 लाख कोटींच्या अर्थसंकल्पात 36 हजार कोटी म्हणजे शंभरातले पाच-सव्वापाच. उद्योगांना प्रोत्साहन योजनेखाली जीएसटीचा परतावा मिळतो, त्यासाठी कुठल्या भाषणात कर जाहीर झाला होता? साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांची वीज माफ झाली, तेव्हा हा धागा का नाही निघाला? पगार, पेन्शन आणि व्याज मिळून महसुलाचा अर्ध्याहून जास्त भाग खातात. त्यात हात घालायची कुणाची छाती नाही, मग पंधराशे रुपयांवर येऊन थांबायचं.

आमच्या गल्लीत हे पैसे कुठे जातात ते मी रोज बघते. सिलिंडर, वह्या, सासूची गोळ्यांची पट्टी, भिशीचा हप्ता. सगळं तालुक्यातल्याच दुकानात. त्यावरचा जीएसटी परत तुमच्याच महसुली जमेत.

नाक्यावरचा

गोळ्या-वह्या सगळं मान्य. पण उसने घेऊन ओवाळणी घालणाऱ्या भावाचं कौतुक किती करायचं? पुढच्या दिवाळीला सावकार दारात, आणि बहिणीला वाटतं भाऊ श्रीमंत आहे.

वडाची_साल

हे भाऊ-सावकार प्रकरण बंद करा राव. सरकार म्हणजे घर नव्हे. घरातला कमावता म्हातारा होतो, राज्य होत नाही. जुना कर्जरोखा मुदत संपून परत करायचा तेव्हा सरकार नवा रोखा काढतं, आणि तो कोण घेतं? बँका, विमा कंपन्या, भविष्य निर्वाह निधी. तुमच्या आयुर्विम्याच्या पॉलिसीच्या मागे कुठेतरी महाराष्ट्राचाच रोखा उभा आहे. कर्ज एकाचं, ठेव दुसऱ्याची.

मुद्दा फक्त एवढाच, की उत्पन्न कर्जाहून जोरात वाढतंय का. 18.87 टक्के ही रडायची पातळी नाही. पंजाबचं हेच प्रमाण 40 च्या वर आहे. हिमाचलला सप्टेंबर 2024 मध्ये पगार आणि पेन्शनच्या तारखा पुढे ढकलाव्या लागल्या. संकट म्हणतात ते त्याला.

खतावणी

वडाची साल, अर्धं पटलं. सरकार घर नाही, हे केंद्राबद्दल जास्त खरं आहे, राज्याबद्दल कमी. राज्याला नोटा छापता येत नाहीत. केंद्रानेसुद्धा 1997 पासून तात्पुरत्या हुंड्या (अल्पमुदतीचे कर्जरोखे) रिझर्व्ह बँकेच्या गळ्यात मारून पैसा उभा करणं बंद केलं. राज्याला बाजारात लिलावाला उभं राहावं लागतं, आणि केंद्राचं जुनं कर्ज अंगावर असेल तर घटनेच्या कलम 293 खाली आधी दिल्लीची परवानगी. केरळ त्यावरूनच सर्वोच्च न्यायालयात गेलंय.

आणि पंजाबशी तुलना कशाला? पंजाबही एकेकाळी आघाडीचंच राज्य होतं. ते एका वर्षात तिथे पोचलेलं नाही. आपलं नुसतं व्याजच आता वर्षाला 60 हजार कोटींच्या वर गेलंय.

अर्धा कपताई, बोट फक्त बहिणींकडे नाही. पंपाच्या विजेलाही माझा नियम तोच, उद्योगांच्या परताव्यालाही तोच. पण बाहेर काय झालं ते बघा. मे 2025 मध्ये सामाजिक न्याय आणि आदिवासी विभागांचा निधी लाडकी बहीणकडे वळवला गेला, आणि सामाजिक न्यायमंत्र्यांनीच त्याची जाहीर तक्रार केली. कर न लावता योजना काढली की पैसा कुणाच्या तरी ताटातून उचलला जातो, आणि ते ताट बहुतेक वेळा वसतिगृहात राहणाऱ्या पोराचं असतं.

कोयनाकाठ

मला दुसऱ्याच गोष्टीचा राग येतो. धाग्यात गृहीत धरलंय की भांडवली कामासाठी, म्हणजे धरण-पुलांसाठी, काढलेलं कर्ज म्हणजे सोवळं. आमच्याकडे या, दाखवतो.

1996 मध्ये कृष्णा खोरे विकास महामंडळ निघालं. कारणही खरं होतं: कृष्णेचं पाणी राज्यांत वाटणाऱ्या बच्छावत लवादाने दिलेलं पाणी मे 2000 पर्यंत अडवायचं, नाहीतर हक्क जाईल ही धास्ती. शासनाच्या हमीवर चढ्या व्याजाचे रोखे काढले, लोकांनी रांगा लावून घेतले. एकाच वेळी इतक्या धरणांचे नारळ फुटले की कुठल्याच धरणाला पुरेसा पैसा मिळेना. भिंत झाली तर कालवा नाही, कालवा झाला तर पोटचाऱ्या नाहीत. पाणी शिवारात यायच्या आधी व्याज सुरू झालं, आणि शेवटी ओझं राज्याच्या तिजोरीवर. हा सगळा खर्च खतावणींच्या हिशोबात ‘चांगल्या’ रकान्यात बसतो.

त्याच काळात रस्ते विकास महामंडळाने मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग कर्जावरच बांधला. 2002 मध्ये पूर्ण झाला, पहिल्या दिवसापासून टोल देतोय. दोन्ही कर्जं भांडवलीच. रकाना बघून काही कळत नाही, काम पुरं झालं का ते बघावं लागतं.

उलट पंधराशे रुपये निदान त्या बाईच्या खात्यात पोचतात तरी.

खडी_डांबर

सगळे 45,891 हा आकडा धरून भांडताय म्हणून मधे पडतो. मी छोटा कंत्राटदार. गावजोड रस्ता करून दिला, मोजमाप पुस्तिकेत नोंद झाली, बिल मंजूर झालं, आणि पैसे मात्र अडकलेत. खात्याचं नाव घेत नाही, पुन्हा तिथेच जायचंय.

यात तुमच्या कामाची गोष्ट अशी: सरकारचा हिशोब रोखीवर चालतो. पैसे तिजोरीतून बाहेर पडले की खर्च. माझं बिल अडकलंय तोवर तो खर्च झालेलाच नाही, तुटीत दिसतच नाही. रस्ता मात्र वापरात आहे, त्यावरून बस जाते. मी खडीवाल्याचे आणि बँकेचे पैसे फेडतोय, व्याज मी भरतोय. राज्यभरातल्या कंत्राटदारांची थकबाकी धरा आणि मग 2.76 टक्के म्हणा. हेही सरकारी कर्जच आहे, फक्त बिनव्याजी आणि आमच्याकडून सक्तीने घेतलेलं.

वडाची_साल

खडी डांबर, हा मुद्दा जोरदार आहे, याला माझ्याकडे उत्तर नाही.

पण खतावणी, तुमचा नियम कागदावरच सुंदर. 10 जून 2025 ला मंत्रिमंडळाने दारूवरचं उत्पादन शुल्क वाढवलं, वर्षाला 14 हजार कोटी जादा येतील असा अंदाज दिला. घ्या, आला कर. योजना 36 हजारांची, कर 14 हजारांचा. आता समाधान?

खतावणी

निम्मंही नाही, पण दिशा बरोबर. अडचण अशी की हा कर त्या योजनेसाठी आहे, असं कुणी म्हटलेलंच नाही. आणि त्याच महिन्याअखेर पावसाळी अधिवेशनात 57 हजार 509 कोटींच्या पुरवणी मागण्या, म्हणजे अर्थसंकल्पाबाहेरच्या जादा खर्चाच्या मागण्या, आल्या. मार्चमध्ये अर्थसंकल्प, जूनमध्ये त्याच्या आठ टक्के वरून. मग मार्चच्या आकड्यांवर आपण तरी का भांडतोय?

वडाची_साल

57 हजार हा ढोबळ आकडा. त्यात केंद्राकडून येणारा वाटा आणि इकडचे तिकडे केलेले पैसेही धरलेत. निव्वळ भार साधारण 40 हजार कोटी. तोही थोडा नाही, पण घाबरवायचं तर नेमक्या आकड्याने घाबरवा.

अर्धा_कप

दारूवर कर लावून बायकांना पैसे, म्हणजे काही घरांत नवऱ्याच्या खिशातून काढून बायकोच्या खात्यात. अधेमधे तेवढीच वजावट. असो.

खतावणीदादा, तुमच्या लाडक्या व्यवसाय कराबद्दल एक सांगते. घटनेच्या कलम 276 ने त्याची कमाल मर्यादा वर्षाला 2,500 केलीय, आणि ती 1988 पासून तिथेच आहे. महिन्याला चार लाख कमावणारा आणि आमच्या शाळेतला लिपिक, दोघांचे 2,500. तुम्ही ज्या कराचं उदाहरण देऊन आम्हाला गप्प करताय, तो श्रीमंतांसाठी केव्हाच गोठलाय.

खतावणी

हे लागलं. ती मर्यादा वाढवायला घटनादुरुस्ती लागेल, म्हणजे चेंडू दिल्लीत. राज्याच्या हातात राहतं काय: मुद्रांक शुल्क, उत्पादन शुल्क, पेट्रोल-डिझेलवरचा व्हॅट, मोटार वाहन कर. यातला कुठला वाढवायचा ते तुम्हीच सांगा.

अर्धा_कप

मुद्रांक. सरसकट नको. पाच कोटींच्या वरच्या फ्लॅटवर वेगळा टप्पा करा.

वडाची_साल

2020 मध्ये उलटं झालं होतं. सप्टेंबर ते डिसेंबर शुल्क 5 वरून 2 टक्क्यांवर आणलं आणि मुंबईत नोंदणीला झुंबड उडाली. वाढवलंत तर व्यवहार थांबतील.

अर्धा_कप

झुंबड उडाली ती सवलत 31 डिसेंबरला संपणार होती म्हणून. पाच कोटींचा फ्लॅट घेणारा एक टक्क्यासाठी बदलापूरला जाणार आहे का?