मदत हवी आहे: इलिनॉयमधला जुना रूट ६६, आईबाबांसोबत दोन दिवस. कुठली गावं धरू, कुठली सोडू?

मधुरा_नेपरव्हिल:
आईबाबा साताऱ्याहून आले आहेत. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात दोन दिवस, एक मुक्काम, असा जुन्या रूट ६६ वर (शिकागोहून निघणारा अमेरिकेतला जुना प्रसिद्ध महामार्ग) जायचा बेत आहे. बाबा सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेत, त्यांना दुकानं आणि पुतळ्यांपेक्षा खुद्द रस्ता बघायचाय. आईचे गुडघे दुखतात, जिने आणि लांबची चाल नको. दोघंही शाकाहारी, आई अंडंही खात नाही. प्रश्न असे:

१. शिकागो ते सेंट लुईस पूर्ण करावं की मधलाच तुकडा धरावा?
२. फोनवर कुठलंही गाव टाकलं की तो आय-५५ या नव्या वेगवान महामार्गावरच नेतो. जुन्या रस्त्यावर कसं टिकून राहायचं?
३. कुठल्या वारी जावं?
४. जेवणाचं काय?

प्रेअरीकाठ:
मधलाच तुकडा धरा. इलिनॉयमधला जुना रस्ता साधारण ३०० मैल आहे आणि वाटेत थांबत दोन दिवसांत तो उरकायचा म्हटलं तर गाडीतच बसून राहाल. शिकागो ते जोलिएट हा भाग सिग्नल आणि उपनगरांत जातो. शिवाय मॅकुकजवळ दगडाच्या खाणीमुळे रस्ता खचला, तिथला जोलिएट रोड १९९८ पासून बंद आहे आणि वळसा घालावा लागतो. तुम्ही नेपरव्हिलहून निघणार, तर सरळ आय-५५ ने ड्वाइट गाठा (तासाभराचा रस्ता) आणि तिथून जुन्या रस्त्याला लागा.

पहिला दिवस ड्वाइट, ओडेल, पॉन्टिॲक, टोवांडा, मुक्काम ब्लूमिंग्टन-नॉर्मल. दुसरा दिवस फंक्स ग्रोव्ह, ॲटलांटा, स्प्रिंगफील्ड, ऑबर्नजवळचा विटांचा जुना रस्ता, आणि आय-५५ ने परत. परतीला सव्वातीन-साडेतीन तास धरा. लिंकन गाव या वेळी सोडून द्या.

अंतरं काढायला सोपी युक्ती: आय-५५ वर एक्झिटचे (बाहेर पडायच्या फाट्यांचे) आकडे मैलांवर आहेत आणि दक्षिणेकडून वाढत येतात. ड्वाइट २१७, ओडेल २०९, पॉन्टिॲक १९७, टोवांडा १७१, शर्ली १५४, मक्लीन १४५, ॲटलांटा १४०. वजाबाकी केली की अंतर मिळतं, कारण जुना रस्ता बहुतेक सगळीकडे आय-५५ ला चिकटूनच धावतो.

खडी_डांबर:
प्रश्न २ बद्दल. फोन चुकतो त्याचं कारण हेच चिकटून धावणं. पन्नास-शंभर फुटांवर वेगवान रस्ता दिसत असताना तो तुम्हाला हळू रस्त्यावर का ठेवेल? 'हायवे टाळा' लावलं तर दुसरी पंचाईत, कारण मग तो शेतांच्या चौकोनी जाळीत घुसवतो आणि खडीच्या रस्त्यावरून काटकोनात फिरवत राहतो. त्यात जुन्या रस्त्याचं नाव दर गावात वेगळं: कुठे ओल्ड रूट ६६, कुठे हिस्टॉरिक यूएस ६६, गावात शिरलं की एखादं साधं गल्लीचं नाव.

उपाय असा करा. घरी बसून प्रत्येक टप्पा वेगळा आखा, म्हणजे फक्त ड्वाइट ते ओडेल, मग ओडेल ते पॉन्टिॲक. रेघ जुन्या रस्त्यावर येईपर्यंत मधे एक-दोन बिंदू टाका. गूगलमध्ये एका मार्गात फार थांबे बसत नाहीत, म्हणूनही तुकडे बरे. गाडीत बसल्यावर मात्र रूट ६६ च्या तपकिरी पाट्या बघा, इलिनॉयमध्ये त्या चांगल्या लावलेल्या आहेत. पाटी दिसेनाशी झाली आणि दोन मैलांत पुढची आली नाही, तर मागे फिरा. फोनला 'पुढे चल' म्हणायला लावू नका, तो पहिल्याच रॅम्पवरून आय-५५ वर चढवेल.

पाट्यांवर वर्षंही असतात. स्प्रिंगफील्डच्या दक्षिणेला रस्त्याच्या दोन वेगळ्या रेषा आहेत. १९२६ ते १९३० ची रेषा आजच्या राज्यमार्ग ४ वरून ऑबर्न, गिरार्ड, कार्लिनव्हिल अशी जाते. १९३० नंतरची लिचफील्ड, माउंट ऑलिव्ह अशी. एकाच दिवसात दोन्ही करायला जाऊ नका. बाबांसाठी पहिली घ्या.

प्रेअरीकाठ:
आता बाबांसाठी सविस्तर, कारण रस्ता म्हणून बघण्यासारखा खरा भाग ड्वाइट ते टोवांडाच आहे.

ओडेल सोडून पॉन्टिॲककडे निघालात की चालू रस्त्याच्या शेजारी दुसरा, गवत उगवलेला काँक्रीटचा पट्टा दिसेल. पूर्वी इथे चार पदरी रस्ता होता. दोन पदर आज वापरात आहेत, दोन तसेच सोडून दिलेत. दुसऱ्या महायुद्धात लष्करी मालाच्या जड ट्रकांनी जुनं काँक्रीट फोडून टाकलं, म्हणून १९४३-४४ च्या सुमारास या पट्ट्यात जास्त जाडीचा नवा रस्ता बांधला. केयुगा ते चेनोआ हा साधारण १८ मैलांचा भाग त्यासाठीच राष्ट्रीय वारसा यादीत आहे. गाडी पूर्ण बाजूला घेता येईल अशा जागी थांबा, सोडलेल्या पट्ट्याचे सांधे जवळून बघता येतात. सांध्यांतून गवत रेघेत उगवलंय, त्यामुळे एकेका स्लॅबची लांबी नुसत्या डोळ्यांनी कळते. त्या पट्ट्यावर गाडी घालू नका, कडा तुटलेल्या आहेत आणि मधेच तो संपतो.

ड्वाइटला ॲम्बलर्स टेक्साको हा १९३३ चा गॅस स्टेशन (पेट्रोल पंप), राज्यमार्ग १७ च्या चौकात. ओडेलचा स्टँडर्ड ऑइलचा १९३२ चा. दोन्ही घरासारखे उतरत्या छपराचे. रहिवासी वस्तीत विजोड दिसू नयेत म्हणून त्या काळी कंपन्या असे आराखडे वापरत. दोन्ही आतून बघायचे तर स्वयंसेवकांवर अवलंबून आहे, बंद असले तरी बाहेरून सगळं दिसतं. पायरी नाही, आईंना गाडीतून उतरलं की समोरच. ओडेलमध्ये चर्चजवळ एका छोट्या भुयाराच्या पायऱ्यांचं तोंडही बघा. १९३० च्या दशकात गावातून इतकी वाहतूक जात होती की पोरांना रस्ता ओलांडायला खालून वाट काढावी लागली. १९४० च्या दशकात रस्ता गावाबाहेरून नेला आणि भुयाराची गरज संपली. एवढ्याशा गावात भुयार, यावरून वाहतुकीचा अंदाज बाबांना लगेच येईल.

पॉन्टिॲकला अडीच तास द्या. जुन्या अग्निशमन केंद्रात रूट ६६ चं संग्रहालय आहे, प्रवेश फुकट, देणगीची पेटी असते. इमारतीच्या मागच्या भिंतीवर ६६ ची ढालीच्या आकाराची प्रचंड पाटी रंगवली आहे आणि गाडी लावायला जागाही त्याच बाजूला. बाकीची भित्तिचित्रं न्यायालयाच्या चौकाभोवती, बरीचशी २००९ च्या उन्हाळ्यात रंगवलेली. आईंना चौकातल्या बाकावर बसूनही चार-पाच दिसतात. नदीवरचे झुलते पूल मात्र टाळा. चालताना हलतात, गुडघ्यांना त्रास होईल.

लेक्सिंग्टनला 'मेमरी लेन' नावाचा जुन्या रस्त्याचा साधारण मैलभराचा तुकडा पायी चालण्यासाठी राखलाय. आई गाडीत बसल्या आणि बाबा दहा मिनिटं चालून आले, एवढं पुरे. टोवांडाचं 'डेड मॅन्स कर्व्ह' हे वळण बघताना बाबांना सांगावं लागणार नाही काय चुकलं होतं ते: लांब सरळ रस्त्यावर वेग चढलेला आणि अचानक घट्ट वळण.

सुगरण_मिडवेस्ट:
जेवणाबद्दल. या गावांत 'शाकाहारी आहे का' एवढं विचारून भागत नाही, घटक विचारावे लागतात. सूप बहुतेक चिकनच्या पाण्यात असतं. हिरव्या घेवड्यात बेकनचे तुकडे असतात. फ्राइज बऱ्याचदा चिकनच्याच तेलात तळतात, काही ठिकाणी बीफच्या चरबीत. ॲपल पायसारख्या गोड पदार्थांच्या आवरणात डुकराची चरबी असू शकते, आणि ते आणि अंडं दोन्ही विचारायला हवं. मेक्सिकन हॉटेल जवळजवळ प्रत्येक गावात सापडतं, तिथे दोन प्रश्न: बीन्समध्ये लार्ड (डुकराची चरबी) आहे का, भात चिकनच्या पाण्यात शिजवलाय का. अख्खे काळे बीन्स आणि कॉर्नची टॉर्टिया घेतली की सहसा निभतं.

बिनअंड्याचं हमखास: ग्रिल्ड चीज, बेक्ड बटाटा, ओटमील (पाण्यात करायला सांगा), सबवेचं भाज्यांचं सँडविच. पॅनकेक आणि वॉफलमध्ये अंडं असतंच. गॅस स्टेशनवरच्या केसीज या दुकानांत पिझ्झाचे तयार तुकडे जास्त करून पेपरोनीचे (मांसाचे), पण पूर्ण चीज पिझ्झा सांगितला तर ताजा करून देतात. ॲलर्जी आहे असं खोटं सांगू नका, त्यांची उगाच धावपळ होते. 'मांस, मांसाचं पाणी, चरबी, अंडं चालत नाही' हे एका चिठ्ठीवर इंग्रजीत लिहून दाखवा. गजबजलेल्या हॉटेलात चिठ्ठी थेट स्वयंपाकघरात जाते आणि काम नीट होतं.

दुसरी गोष्ट वेळेची. गावातली जुनी उपाहारगृहं पहाटे उघडतात आणि दुपारी दोन-तीनला बंद होतात. दुपारचं जेवण एकच्या आत. पहिल्या दिवशी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर ठेवा. मुक्कामाला ब्लूमिंग्टन-नॉर्मल बरोबर आहे: स्टेट फार्म या विमा कंपनीच्या मुख्यालयामुळे तिथे भारतीय वस्ती बरीच आहे, रात्री वरणभातासारखं काहीतरी मिळेल.

मधुरा_नेपरव्हिल:
फारच उपयोगी. वार अजून ठरत नाही. बाबांना विटांचा रस्ता ऐकून खूप उत्सुकता आहे, तो नेमका कुठे आणि खरंच १९२६ चा आहे का?

खडी_डांबर:
वार शुक्रवार-शनिवार घ्या. रविवार-सोमवारी गावं जवळपास बंद असतात, स्वयंसेवक चालवतात त्या जागा तर हमखास. ऑक्टोबरात काही ठिकाणी वेळा कमी होतात, म्हणून ज्या तीन जागा चुकवायच्याच नाहीत त्यांना आदल्या दिवशी फोन करा. संकेतस्थळावरच्या वेळा जुन्या असू शकतात. सूर्य साडेसहाच्या सुमारास मावळतो, तेव्हा विटांपाशी साडेपाचच्या आत पोहोचा.

विटा चॅथम आणि ऑबर्नच्या मधे आहेत. राज्यमार्ग ४ सोडून स्नेल आणि करन या रस्त्यांवर साधारण १.४ मैल. आता नेमकं: मार्ग १९२६ चा आहे, विटा नाहीत. काँक्रीटवर विटा बसवल्या १९३१ मध्ये, आणि ६६ चा क्रमांक तोवर दुसऱ्या रेषेवर गेला होता. बहुतेक माहितीफलक हे एका वाक्यात गुंडाळतात, पण बाबा विचारतील. पाऊस पडून गेला असेल तर वेग १५-२० मैलांच्या वर नको, ओल्या विटेवर टायर सरकतो. दोन्ही बाजूंना शेतं आहेत, एखाद्या शेतकऱ्याचा फाटा अडवून गाडी लावू नका.

वेळ उरला तर राज्यमार्ग ४ नेच दक्षिणेला निलवुडजवळच्या जुन्या काँक्रीटच्या तुकड्यावर जा. काँक्रीट ओलं असताना टर्की चालत गेली होती, तिचे तीन बोटांचे ठसे अजून आहेत. भोवती रंगाने चौकट केलेली आहे, गाडीतून पटकन दिसत नाही म्हणून हळू चालवा. ठसे बघायला वाकायचीही गरज नाही, आईंनाही उभ्या उभ्या दिसतील.

इंडियाना_आजोबा:
ऑक्टोबर म्हणजे मका-सोयाबीनची काढणी. कंबाइन (मोठं कापणीयंत्र) रस्त्यावर आला तर दीड पदर व्यापतो. मागे लागून हॉर्न वाजवू नका, जागा मिळाली की चालक स्वतः बाजूला घेतो. मागे त्रिकोणी नारिंगी पाटी असली म्हणजे त्या वाहनाचा वेग २५ मैलांच्या आत, लांबून वाटतं त्यापेक्षा फार लवकर जवळ येता.

याहून महत्त्वाचं रेल्वेचं. जुना रस्ता आणि रूळ अगदी शेजारी आहेत, आणि शिकागो-सेंट लुईस गाड्या इथे ताशी ११० मैलांपर्यंत धावतात. ६६ वरून गावात वळलात की लगेच फाटक येतं, मधे एक-दोन गाड्यांचीच जागा असते. पलीकडे पूर्ण गाडी मावेल एवढी जागा दिसल्याशिवाय रुळावर जायचं नाही. रुळावर उभं राहून फोटो तर नकोतच.

सुगरण_मिडवेस्ट:
ॲटलांटाबद्दल कुणी बोललं नाही. हॉट डॉग धरलेला पॉल बनियनचा (लोककथेतला महाकाय लाकूडतोड्या) १९ फुटी पुतळा मुख्य रस्त्यावरच आहे, गाडी समोर लागते. तसल्याच फायबरग्लासच्या महाकाय पुतळ्यांचं संग्रहालय २०२४ मध्ये गावात सुरू झालं, बाहेरचे पुतळे केव्हाही बघता येतात. बाबांना त्यापेक्षा १९०४ चा लाकडी धान्याचा एलेव्हेटर आवडेल. फंक्स ग्रोव्हचं मेपल सिरप फेब्रुवारी-मार्चमध्ये बनतं आणि ऑक्टोबरपर्यंत संपलेलं असू शकतं, फोन करूनच वळा.

स्प्रिंगफील्डला वेळ एकाच गोष्टीला पुरेल, तर लिंकन यांचं घर घ्या. तिकीट फुकट, पण वेळ ठरवून मिळतं. ते स्वागतकक्षात आधी घ्यावं लागतं, म्हणून पोहोचल्या पोहोचल्या तिथे जा. वरचा मजला अरुंद जिन्याचा आहे. आईंबद्दल रेंजरना आधी सांगा. त्यांनी घर टाळलं तरी भोवतालच्या गल्ल्या गाड्यांना बंद आहेत आणि लाकडी फळ्यांच्या पायवाटेवर बसायला बाक आहेत.

इंडियाना_आजोबा:
गॅस भरताना पिवळ्या दांडीचं ई-८५ (भरपूर इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) स्वस्त दिसतं म्हणून घेऊ नका, गाडी फ्लेक्स-फ्युएल (त्या इंधनावरही चालणारी) नसेल तर इंजिनचा दिवा लागतो. ८८ लिहिलेलं म्हणजे १५ टक्के इथेनॉल, ते २००१ नंतरच्या गाड्यांना चालतं, पण भाड्याची गाडी असेल तर साधं ८७ च घ्या. आणि बेत बदलून मंगळवारी निघालात तर आईबाबांना आधीच सांगून ठेवा: महिन्याच्या पहिल्या मंगळवारी सकाळी १० वाजता इलिनॉयभर वादळाच्या भोंग्यांची चाचणी होते. आकाश निरभ्र असेल तर काही करायचं नाही. काळे ढग असताना वाजला तर जवळच्या पक्क्या इमारतीत, खिडक्यांपासून लांब.